सोळा तास आणि सत्तावीस तास

“लेक अमेरिकेत म्हणजे आता काही लांब नाही हो! सोळा तासांत माणूस घरात,” शेजारच्या काकू परवा म्हणाल्या. मी हसले खरी, पण रात्री काही केल्या झोप येईना.

सकाळी पुतण्याचा पृथ्वीगोल खाली काढला. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर. मला वाटलं, दोरा अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाईल. पण ताणला तसा तो वर सरकला आणि नॉर्वे-आइसलँडच्या अंगाने गेला! जवळची वाट तीच. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. विमान तासाला ९०० च्या आसपास जातं, म्हणजे १४ तास व्हावेत. पण तिकडे जाताना उंचावरचं वारं समोरून येतं, म्हणून कुठेही न उतरणाऱ्या विमानालाही १५-१६ तास लागतात. येताना तेच वारं पाठीशी असतं, तेव्हा थोडा वेळ वाचतो.

मग हिशेबाची वही घेतली. लेकीच्या घरापासून विमानतळ १ तास, तिथे आधी जाऊन बसायचं ते ३, विमानात १४, मुंबईत बाहेर पडायला २, पुढे भिंगारपर्यंत मोटारीने ७. बेरीज २७! तीसुद्धा तिकीट लगेच मिळालं तर.

हा उद्योग कशाला, असं ह्यांनी विचारलं. काय सांगणार? माझं माहेर पाथर्डीचं. इथून जेमतेम पन्नास किलोमीटर, गाडी आमच्या भिंगारवरूनच जाते. १९८१ साली वडील सकाळी गेले. निरोप मला पोचला संध्याकाळी. शेवटच्या गाडीने गेले, तर सगळं आटोपून माणसं ओसरीवर बसलेली. “थांबली का नाहीस?” म्हणून मी आईवर कितीतरी वर्षं रुसले होते. ती बिचारी काय करणार होती?

दुसऱ्या दिवशी सात वाजता लेकीला फोन लावला. तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ.

“घाबरू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. पण उद्या काही झालंच, तर तुझ्यासाठी थांबायचं की नाही, ते आजच सांग.”

“आई, असलं काय बोलतेस गं?”

मी तिला पाथर्डीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “थांबू नका. मी रुसणार नाही. पण बाबांना सांग, या दिवाळीला मी येतेय.”

फोन ठेवला नि पदराने डोळे पुसले. पण कितीतरी वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

मैत्रिणींनो, ज्यांची लेकरं लांब आहेत त्यांनी हे अवघड बोलणं एकदा करूनच टाकावं. आमच्या ह्यांनी तर कालनिर्णयवर दिवाळीपर्यंतच्या दिवसांवर फुल्या मारायला सुरुवातसुद्धा केली आहे.