फिरते, पण पेट घेत नाही



भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मोटारसायकलचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो स्वाभाविक आहे. तथापि, एका विद्यार्थ्याविषयी मी केलेली चूक मला माझ्या मोटारसायकलमुळे उमगली. ती येथे सांगितल्यावाचून हा घटक पुढे नेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातील दर रविवारी संपर्कसत्रासाठी मी नाशिकहून सिन्नरला जात असे. अंतर जेमतेम तीस किलोमीटरचे. माझी गाडी जुनी, कार्बोरेटरची. पण आजवर तिने मला कधी रस्त्यात सोडले नव्हते. त्या वर्षी मात्र सलग दोन रविवारी ती मोहदरी घाटाच्या चढावर बंद पडली. सेल्फचे बटण दाबले की इंजिन फिरे, किक मारली तरी फिरे, पण पेट घेत नसे. पहिल्या रविवारी मी गाडी ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. तेथील कारागिराने टाकीचे झाकण उघडून पेट्रोल पाहिले, प्लग बदलला आणि गाडी चालू झाली. निदान झाले असे मी समजलो. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच घडले. या वेळी कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टर बदलला, टाकी भरून घेतली. गाडी चालू झाली. मी पुन्हा निश्चिंत झालो.

दोन्ही वेळा सत्राला मी तासभर उशिरा पोहोचलो. वर्गातील बहुतेक विद्यार्थी माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे. कोणी रात्रपाळी संपवून थेट आलेले, कोणी मुलांना शेजारी ठेवून आलेले. आठवड्यातील त्यांचा तेवढाच मोकळा वेळ मी दवडत होतो. ही बोच मनात होती. म्हणूनच असेल, दुसऱ्या रविवारी स्वाध्याय तपासताना माझा हात नेहमीपेक्षा कठोर झाला. एका विद्यार्थ्याने ‘लघुतम युग्म म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली प्रश्नच पुन्हा उतरवून ठेवला होता. मी लाल शाईने शेरा मारला: ‘मूलभूत आकलनाचा अभाव. विषय बदलण्याचा विचार करावा.’

तिसऱ्या रविवारी त्याच चढावर, जवळजवळ त्याच वळणावर गाडी बंद पडली. गाडी हलवून पाहिली, तर टाकीत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज स्पष्ट येत होता. मी किक मारून घामाघूम झालो होतो. इतक्यात मागून येणारी एक मोटारसायकल थांबली. तोच विद्यार्थी होता. कारखान्याच्या पाळीखेरीज तो संध्याकाळी मित्राच्या गॅरेजमध्ये काम करतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

त्याने आधी गाडीला हात लावलाच नाही. विचारले, “सर, मागच्या टायमाला काय काय बदललं?” मी यादी सांगितली. तो हसला. “एका दमात एवढं सगळं बदललं, तर फरक कशानं पडला ते कळणार कसं?”

मित्रहो, येथे थोडे थांबून गाडीचे शास्त्र पाहू. 1876 मध्ये निकोलाउस ऑटो यांनी चार आघातांचे इंजिन यशस्वीपणे चालवले. पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्या आजच्या मोटारसायकली त्याच तत्त्वावर चालतात. इंजिन फिरते याचा अर्थ बॅटरीत किंवा पायात जोर आहे, एवढाच. पेट घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. या तिन्हींपैकी काय हरवले आहे, हे बाहेरून दिसत नाही; ते क्रमाने विचारावे लागते.

त्याने त्याच क्रमाने विचारले. बंद करण्याचे लाल बटण चुकून दाबले गेले आहे का? नाही. पेट्रोलचा कॉक चालू आहे का? आहे. मग त्याने प्लग काढला. प्लग ओला असता, तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही, असा अर्थ झाला असता. काजळलेला असता, तर पेट्रोल जादा येते आहे, असा. हा प्लग कोरडा होता. तो टोपीत बसवून, प्लगच्या छिद्रापासून आणि पेट्रोलपासून दूर, इंजिनच्या धातूला टेकवून त्याने मला किक मारायला सांगितले. निळी ठिणगी चटकन उडाली. “करंट आहे,” तो म्हणाला. मग छिद्रावर अंगठा दाबून पुन्हा किक मारायला लावली. हवेने अंगठा उडवला, दाबही होता. उरले पेट्रोल.

त्याने कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. चार थेंब पडले आणि थांबले. वर टाकी भरलेली, खाली थेंब नाही. “आता झाकण उघडा सर.” मी किल्ली फिरवली. झाकणातून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि बाटलीत धार लागली. “आता बंद करा.” थोड्याच वेळात धार बारीक होत थांबली. “उघडा.” पुन्हा धार. बाकी काहीच बदललेले नव्हते. बदलले होते ते फक्त झाकण.

टाकीतून पेट्रोल खाली उतरायचे, तर त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असते. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून जूनमध्ये मीच ते सिलिकॉनने बुजवले होते. ते पुरते बुजले नव्हते. त्यामुळे सपाट रस्त्यावर भागत असे. घाटात पेट्रोलची मागणी वाढली की येणारी हवा अपुरी पडे. आधीच्या दोन्ही वेळा गाडी चालू झाली ती प्लगने नव्हे, कार्बोरेटर धुतल्यानेही नव्हे. कोणीतरी झाकण उघडले होते म्हणून. त्याने सुईने छिद्र मोकळे केले, प्लग व स्क्रू घट्ट बसवले. दोन-तीन किकमध्ये गाडीने पेट घेतला.

मी त्याला म्हणालो, “तुम्ही आत्ता केलेत, तेच लघुतम युग्म.” त्याने संशयाने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले: ‘जग फार मोठे आहे’ यातला ‘जग’ आणि ‘तू सुखाने जग’ यातला ‘जग’ मोठ्याने म्हणून पाहा. लिहिताना दोन्ही सारखेच. पहिल्यात ‘ज’ तालव्य, दुसऱ्यात दंततालव्य. बाकी सर्व तेच, एकच ध्वनी बदलला आणि अर्थ बदलला. म्हणून मराठीत हे दोन वेगळे स्वनिम ठरतात. त्याने दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. मग म्हणाला, “एवढंच आहे? ‘बाकी तसंच ठेवा, एकच बदला’ असं लिहिलं असतं तर कळलं असतं सर. ते ‘युग्म’ अन् ‘व्यवच्छेदक’ आलं की मी तिथंच थांबतो. चार वेळा वाचलं.”

तो घटक मी लिहिलेला होता.

घाट उतरेपर्यंत मला दुसरे काही सुचले नाही. त्याचे इंजिन फिरत होते: रात्रपाळीनंतर चार वेळा पाठ वाचणे, ही काही थोडी मेहनत नव्हे. ठिणगी होती, ती मी नुकतीच पाहिली होती. आणि मी कोणतीही तपासणी न करता, कोरा कागद पाहून, विषय बदला असा निर्णय दिला होता. गाडीला मी निदान दोनदा गॅरेजचा दरवाजा दाखवला. माणसाला एक प्रश्नही विचारला नाही.

सत्रात मी त्याच्यासमोर तो शेरा खोडला. तो परीक्षेला त्या वर्षी बसला नाही. पाळी बदलली होती. पुढच्या वर्षी बसला आणि उत्तीर्ण झाला. त्याचे श्रेय मी घेत नाही. मी फक्त त्या घटकातील पहिली चार पाने पुन्हा लिहिली. तुमच्या हाती आहेत ती तीच पाने.

आता तुमच्याविषयी. अनेक वर्षांनी पुस्तक हाती घेतलेले विद्यार्थी मला सांगतात, “सर, वाचतो, पण डोक्यात शिरत नाही. आता वय झाले.” हे निदान नव्हे, हा माझ्यासारखाच घाईचा शेरा आहे. क्रमाने विचारा. वाचायची वेळ चुकते आहे, जागा चुकते आहे, की एखादा शब्द अडवतो आहे? एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. वेळ बदललीत तर जागा तीच ठेवा. फरक पडला नाही, तर पूर्ववत करून दुसरी बदला. आणि शब्दच अडवत असेल, तर त्याखाली रेघ मारून तो संपर्कसत्राला घेऊन या.

तो शब्द आमचाही असू शकतो. आम्हीच कधीतरी बुजवलेल्या छिद्रासारखा.