घरी करते ती

बालविकास तपासणीच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "घरी करते हो ती." समोर डॉक्टरांनी रंगीत ठोकळे मांडलेले असतात, मूल आईच्या कुशीत तोंड लपवून बसतं आणि आई काकुळतीला येऊन सांगत राहते, की घरी ही डब्यावर डबा ठेवते, आजोबांचा चष्मा बरोबर त्यांनाच नेऊन देते. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे आणि हे वाक्य मीही पुष्कळदा बोलले आहे. ते वेड्या मायेचं म्हणून सोडून देऊ नये, त्याची केसपेपरवर नोंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

सेरेब्रल पाल्सीत स्नायूंचा ताठरपणा दिवसभर सारखा नसतो. अपुरी झोप, भूक, रडू, अनोळखी हाताचा स्पर्श यांनी तो वाढतो. एसटीचा लांबचा प्रवास करून, नंबर लावून, रांगेत ताटकळून मूल तपासणीच्या टेबलावर पोचतं, तेव्हा त्याचे पाय घट्ट आवळलेले असतात. तेच पाय कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर सैल झालेले आईने पाहिलेले असतात. डॉक्टरांना जे दिसतं ते खरंच असतं, पण त्या वेळेपुरतं. बाकीचा दिवस त्यांना सांगणारं घरचं माणूसच असतं.

शास्त्रालाही हे मान्य आहे. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता चाचपणारी एम-चॅट ही प्रश्नावली पालकांनीच भरायची असते. मूल बोट दाखवतं का, हाक मारली की वळतं का, असे 20 प्रश्न असतात. व्हाइनलँड सामाजिक क्षमता चाचणीचं भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी नागपूरला तयार केलं. तिच्यातली बहुतेक माहिती मूल रोज पाहणाऱ्या माणसाकडून घेतात आणि बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी ठरवताना आपल्याकडे ही चाचणी वापरतात. म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या आकड्यातही आईबापांच्या उत्तरांचा वाटा असतो.

म्हणूनच ती उत्तरं नेमकी हवीत. "तिला सगळं समजतं" यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. "तहान लागली की माठाकडे बघते आणि हुंकार देते" यातून पुष्कळ लागतं. आकडीचा झटका दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेला असतो. फोनवर काढलेला त्याचा व्हिडिओ तेव्हा फार उपयोगी पडतो. मूल अजून बोलायला लागलं नाही, की बोलत होतं आणि थांबलं, हा फरक तर आवर्जून सांगावा. आलेलं कौशल्य गेलं असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

घरातली वडीलधारी धीर देतात, "याचा बापही उशिराच बोलला." बोलणारी माया असते, पण वेळ निघून जातो. बाळाच्या ऐकण्याची प्राथमिक तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असं वैद्यकशास्त्र सांगतं. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलांना तपासतात, पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मनात शंका आली की ती अंगणवाडीताईंजवळ त्याच दिवशी बोलून टाकावी. शंका खोटी ठरली, तर आनंदच आहे.

प्रमाणपत्राची पायरी मला सगळ्यांत अवघड वाटते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगता मानली, पण बऱ्याच सवलतींचं दार 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच उघडतं. मग तपासणीत बाप म्हणतो, "काहीच येत नाही हिला." त्याच बापाला शाळेच्या प्रवेशाच्या वेळी म्हणावं लागतं, "सगळं येतं हिला." दोन्हीकडे त्याची लबाडी नसते, लाचारी असते. पण दोन्ही वाक्यं ती मुलगी ऐकत असते. जिला बोलता येत नाही, तिला ऐकूही येत नाही असं आपण धरून चालतो. यासारखा अन्याय नाही. टक्के वाढवायला मुलाला त्याच्यासमोर कमी लेखण्याची गरज नाही. कुठल्या कामाला कुणाचा, किती वेळ आधार लागतो, हे जसंच्या तसं सांगितलं तरी गरज पुरती दिसते.

माझ्या मुलीला उत्तर द्यायला वेळ लागतो. आधी ओठ जुळवावे लागतात, मग शब्द फुटतो. तेवढ्यात मोठी माणसं माझ्याकडे वळतात. अशा वेळी मी उत्तर देत नाही, "तिलाच विचारा, ती सांगेल," एवढंच म्हणते. आईबापांनी मुलाच्या वतीने बोलावं, पण त्याला स्वतः सांगता येईल तिथे गप्प राहून त्याची वाट पाहावी. दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण आहे.

तपासणी आकड्यावर संपली तर ती अर्धवट राहिली. मुलाला जेवताना कसं बसवायचं, टेबलाची उंची किती हवी, शाळेतल्या बाईंना काय सांगायचं, हे तपासणीच्या कागदातून कळायला हवं. मुलाला काय येत नाही याच्या शेजारी त्याला काय येतं, कुठे येतं आणि कशाच्या आधाराने येतं, याचीही ओळ असायला हवी. ती सांगणं आपलं काम आहे, लिहून घेणं डॉक्टरांचं आणि त्या आधाराची सोय करणं आपल्या सगळ्यांचं.