बाय पीपल

इंग्रजीच्या पेपरात 'पीपल से दॅट ही इज रिच' या वाक्याचा प्रयोग बदलायला यायचा. उत्तर ठरलेलं: 'इट इज सेड दॅट ही इज रिच'. हुशार मुलं पुढे जाऊन 'ही इज सेड टु बी रिच' लिहीत. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढलेल्या पिढ्यांना हे गुण हमखास मिळत. तो गृहस्थ खरंच श्रीमंत होता का, याची चौकशी कोणी केली नाही. कोणी वाक्याला 'बाय पीपल' असं शेपूट लावलंच, तर मास्तर ते लाल शाईने छाटत.

मास्तर सांगत, कर्ता लपला आहे. मला वाटतं, तो कधी नव्हताच. 'ही इज रूमर्ड टु बी रिच' असं इंग्रजीत सर्रास म्हणतात, पण 'आय रूमर' असं आज कोणी म्हणत नाही. 'रेप्युटेड'चंही तेच. अफवा असते, ती उठवणारा नसतो. भाषेनेच ही सोय करून ठेवली आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रांत तिचा एक सभ्य प्रकार भेटतो. मंत्री राजीनामा देणार आहेत असं 'इज अंडरस्टुड', म्हणजे नाव छापायचं नाही या अटीवर कोणीतरी आतलं बोललेलं असतं. मराठीतलं 'म्हणे' निदान बोलताना डोळा मिचकावतं. ही रचना कोट-टाय घालून येते.

जेन ऑस्टिनने तो कोट बरोबर ओळखला होता. 1813 सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची सुरुवातच तिने सर्वमान्य सत्याच्या गंभीर सुरात केली. पुढच्या वाक्यात कळतं, की हे 'सर्व' म्हणजे आसपासची, मुली लग्नाच्या असलेली घराणी.

चीनची भिंत अवकाशातून नुसत्या डोळ्यांनी दिसते, हेही असंच कित्येक वर्षं 'मानलं जात' होतं. कोणी मानलं, कुठून पाहून, हे वाक्यात विचारायला जागाच नव्हती. 2003 मध्ये यांग लिवेई हा चीनचा पहिला अंतराळवीर पृथ्वीला प्रदक्षिणा घालून उतरला आणि मला भिंत दिसली नाही, असं त्याने सरळ सांगितलं. वाक्याला कर्ता मिळाला, आणि तोही चिनी!

इंग्लंडच्या न्यायालयांना मात्र या व्याकरणाचं कौतुक नाही. साठच्या दशकात 'लुईस विरुद्ध डेली टेलिग्राफ' या बदनामीच्या खटल्यात लॉर्ड डेव्हलिन यांनी बजावलं, की 'मला असं सांगण्यात आलं' किंवा 'अशी अफवा आहे' हे शब्द आधी जोडून बदनामीची जबाबदारी टळत नाही. ऐकीव म्हणून छापलं तरी कायद्याच्या लेखी ते तुम्हीच म्हटलेलं. परीक्षेत छाटलेला कर्ता न्यायालय शोधून काढतं आणि त्याच्याकडून भरपाई वसूल करतं.

ऑर्वेलने 1946 च्या 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या निबंधात कर्तरी प्रयोग शक्य असेल तिथे कर्मणी वापरू नका, असा नियम घालून दिला. त्याच निबंधात त्याने स्वतः कर्मणी भरपूर वापरला आहे, पण ते सोडा. माझी तक्रार वेगळी आहे. काही गोष्टी दुसऱ्या कोणत्याही वाक्यात प्रामाणिकपणे सांगताच येत नाहीत. होमर आंधळा होता, असं ठासून लिहिलं तर पुरावा कुठे आहे? 'माझ्या मते आंधळा होता' लिहिलं तर माझं मत विचारलं कोणी? ही ऐकीव गोष्ट प्राचीन ग्रीकांपासून तोंडोतोंडी चालत आली, तिला पहिला सांगणारा सापडत नाही. तिथे 'ही इज सेड टु हॅव बीन ब्लाइंड' हेच नेमकं वाक्य. शिवाय इंग्लंडच्या कायद्यात मेलेल्या माणसाच्या बदनामीचा दावा लागत नाही, त्यामुळे लॉर्ड डेव्हलिन यांचीही हरकत नसावी.