पडद्यावर गेलेल्या भूमिका

प्रिय चिमणे,

तुझ्या नाटकावर सिनेमा होतोय आणि त्यात तुझी भूमिका भलतीच कुणी करतेय, हे ताईकडून कळलं. त्या रागात तू नाटकही सोडायला निघाली आहेस, हेही कळलं. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितेय. आधी ब्रॉडवेची नर्तकी-नटी चिता रिव्हेरा हिच्याबद्दल ऐक, मग काय करायचं ते कर.

तिचा जन्म १९३३ सालचा, वॉशिंग्टनचा. वडील पोर्टो रिकोचे, नौदलाच्या बँडमधले वादक. ती सात वर्षांची असताना गेले. बॅले शिकत शिकत ती शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जॉर्ज बॅलन्शीनच्या शाळेत पोचली. पुढे 'कॉल मी मॅडम'च्या दौऱ्यासाठी ऑडिशन होती, तिथे मैत्रिणीला सोबत म्हणून गेली आणि काम हिलाच मिळालं. (त्या मैत्रिणीला काय वाटलं असेल, हे कुणी विचारत नाही.)

१९५७ मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी'त तिने अनिता उभी केली. ही भूमिका इतकी तिची होती, की तिच्या बाळंतपणासाठी लंडनचे प्रयोग पुढे ढकलले गेले. १९६१ मध्ये सिनेमा आला. अनिता झाली रीटा मोरेनो, आणि ऑस्करही तिलाच. गंमत म्हणजे त्यातल्या एका गाण्याला आवाज तिसऱ्याच बाईचा आहे! मग 'बाय बाय बर्डी'. रंगमंचावर रोझी चिता, सिनेमात जॅनेट ली. मग १९७५ चं 'शिकागो'. त्यातली व्हेल्मा केली मूळची चिताची. २००२ च्या सिनेमात ती केली कॅथरीन झेटा-जोन्सने. पुन्हा ऑस्कर. त्या सिनेमात चिताही आहे, पण पापणी लवेपर्यंत दिसते आणि जाते.

यात कट वगैरे नसतो, चिमणे. जो माणूस नाट्यगृहाची पायरी चढत नाही, त्याला ओळखीचा चेहरा दाखवायचा, एवढाच निर्मात्याचा हिशेब. तो मला पटत नाही, पण कळतो. आणि चिताला सिनेमा वर्ज्य होता असंही नाही. 'स्वीट चॅरिटी'त ती नाचलीय, नायिकेची मैत्रीण म्हणून. नायिका शर्ली मॅक्लेन. दौऱ्यावर तीच नायिका चिताने केली होती, हे सांगायला नकोच.

खरा घाव १९८६ मध्ये बसला. 'जेरीज गर्ल्स' चालू होतं आणि मॅनहॅटनमध्ये तिच्या गाडीची टॅक्सीशी टक्कर झाली. डावा पाय बारा ठिकाणी मोडला. पेशाने नर्तकी, वय ५३! पायात स्क्रू घालून तिने पुन्हा चालण्यापासून सुरुवात केली. १९९३ मध्ये 'किस ऑफ द स्पायडर वुमन'साठी तिला रंगभूमीचं टोनी पारितोषिक मिळालं, साठाव्या वर्षी. मला विचारशील तर ते तिचं सर्वांत मोठं काम. उंच लाथा आणि उड्या हे तरुण शरीराचं भांडवल. ते संपल्यावर खांद्याच्या एका वळणावर आणि नुसत्या उभं राहण्यावर प्रेक्षागृह धरून ठेवायचं, हे फक्त रंगमंचावर आयुष्य काढलेल्यालाच जमतं. आठवड्याला आठ प्रयोगांची ती मजुरी आहे. कॅमेऱ्यापुढे तिची गरजच पडत नाही.

आणि आता उलट बाजू. 'द व्हिजिट' हे संगीतक मुळात अभिनेत्री अँजेला लान्सबरीसाठी ठरलं होतं. तिचा नवरा आजारी पडला, ती बाजूला झाली आणि काम चिताकडे आलं. २००१ मध्ये शिकागो शहरात प्रयोग झाले, पण ब्रॉडवे काही मिळेना. चिताने ते सोडलं नाही. २०१५ मध्ये, ८२ व्या वर्षी, ती ते ब्रॉडवेवर घेऊन आली. दोन महिन्यांच्या आतच बंद पडलं. तरी त्यासाठी टोनीचं नामांकन होतंच, तिचं दहावं. २०२४ च्या जानेवारीत ती गेली, ९१ वर्षांची होऊन.

'वेस्ट साइड स्टोरी'च्या १९५७ च्या मूळ संचाची ध्वनिमुद्रिका मिळते. आज रात्री दिवा मालवून ऐक, सिनेमातली नंतर. आणि नाटक सोडायचंच असेल तर ठरलेले प्रयोग पुरे करून सोड. ज्यांनी तुझं नाव वाचून तिकिटं काढलीत, त्यांचा त्या सिनेमाशी काही संबंध नाही.

तुझी,
मावशी