सेक्टर सोळामधला वसंत

फेब्रुवारीत आपल्याकडे गुलाबाचा भाव काय होतो, हे वेगळं सांगायला नको. १४ तारखेला एका लाल फुलाचे मागतील तेवढे पैसे मोजायचे, संध्याकाळपर्यंत ते माना टाकणार, विषय संपला! पण त्याच महिन्याच्या उत्तरार्धात चंदीगडला जाऊन बघा. तिथे हजारो गुलाब एकाच वेळी फुललेले असतात, तेही झाडावर. आणि रोझ फेस्टिव्हलला तिकीट नसतं, बॉस!

थंडीची कमाल

ही सगळी धमाल चालते सेक्टर १६ मधल्या झाकिर हुसेन रोझ गार्डनमध्ये. सुमारे ३० एकर जागा, आठशेहून जास्त जातींचे गुलाब. आशियातल्या सगळ्यात मोठ्या गुलाबबागांमध्ये हिचं नाव घेतलं जातं. लाल-गुलाबी तर आहेतच, पण पिवळे, केशरी, जांभळट, दोन रंगांचे, बटणाएवढे आणि चक्क बशीएवढेसुद्धा. प्रत्येक वाफ्यात एक जात, त्यामुळे लांबून बघितलं तर हिरवळीवर रंगाचे चौकोन मांडल्यासारखे दिसतात.

नेमका फेब्रुवारीच का? उत्तरेत ऑक्टोबरच्या मध्याला गुलाबाची छाटणी होते. पहिला बहर डिसेंबरच्या आसपास येतो. मग कडाक्याच्या थंडीत झाडं जरा मंदावतात आणि ऊन उबदार व्हायला लागलं की जोरदार दुसरा बहर. एप्रिलमध्ये उन्हाळा तापला की फुलं लहान होतात, पाकळ्या करपतात. म्हणजे मधले चार-पाच आठवडे काय ते आपले.

फक्त फुलं नाहीत

फेस्टिव्हल साधारण शुक्रवार ते रविवार असा तीन दिवस चालतो. फुलांच्या स्पर्धा असतात, ब्रास बँडच्या असतात, फोटोग्राफीच्या असतात. छोट्या मुलांमधून ‘रोझ प्रिन्स’ आणि ‘रोझ प्रिन्सेस’ निवडतात. अंताक्षरीही रंगते. थोडक्यात, वातावरण गावच्या जत्रेचंच, फक्त पाळण्याच्या जागी कारंजं!

पण खरी मजा माणसं बघण्यात आहे. रिटायर्ड सरदारजी काठी टेकत एकेका पाटीवरचं नाव वाचत असतात. कॉलेजची पोरं-पोरी सेल्फीत बिझी. कुणी आख्खं कुटुंब घेऊन, घरचे पराठे उघडून गवतावर मस्त पसरलेलं. आणि हे दृश्य काही तीन दिवसांपुरतं नाही. मांडव निघतात, बँड जातात, बाग तिथेच राहते.

घर गेलेल्यांचं शहर

चंदीगड म्हटलं की ल कार्बुझिए आणि काँक्रीट एवढंच आपल्याला आठवतं. पण हे शहर का बांधलं? १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारताच्या वाट्याच्या पंजाबला राजधानीच उरली नाही, म्हणून. इथे राहायला आलेल्यांपैकी अनेकांचं घर-दार, गाव, ओळखीपाळखी सगळं सीमेपलीकडे राहिलेलं.

महिंदरसिंग रंधावा हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. वनस्पतिशास्त्र शिकलेले हे आयसीएस अधिकारी. फाळणीनंतर पंजाबात निर्वासितांच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी केलं आणि चंदीगडच्या रस्त्यांवर कुठली झाडं लावायची, हे ठरवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १९६६ मध्ये पंजाब-हरियाणा वेगळे झाले आणि चंदीगड केंद्रशासित झालं. रंधावा पहिले चीफ कमिशनर. दोन्ही राज्यांना हे शहर आपल्याकडे हवं होतं, वातावरण तापलेलं होतं आणि १९६७ मध्ये या माणसाने काय केलं? सगळ्यांसाठी गुलाबाची बाग उभी केली.

गुलाबाचं कलम कसं होतं, माहितीये? रानटी, काटक खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. मुळं एकाची, फूल दुसऱ्याचं. या शहरातल्या लोकांना हे प्रकरण वेगळं समजावून सांगायची गरज पडली नसणार.

पायी चला

रोझ गार्डन ही एकटी बाग नाही. शहराच्या मधून जाणाऱ्या ‘लेझर व्हॅली’ नावाच्या हिरव्या पट्ट्याचा ती एक भाग आहे. पावसाच्या पाण्याने झिजून तयार झालेली नैसर्गिक घळ इथे होती. ती बुजवून प्लॉट पाडण्याऐवजी तशीच ठेवली आणि तिच्यात एकामागून एक बागा केल्या. शेजारचं शांतिकुंज त्यातलंच. सेक्टर ३ मध्ये बोगनवेलीची वेगळी बाग आहे.

पुढे सेक्टर १ मध्ये नेकचंद यांचं रॉक गार्डन. तेही फाळणीत गाव सोडून आलेले. सरकारी नोकरीत रोड इन्स्पेक्टर असताना १९५७ पासून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि मोडक्या टाइल्समधून गुपचूप एक दुनिया उभी केली. १९७६ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. तिथून चालत सुखना तलावावर जा. मागे शिवालिकच्या टेकड्या, समोर पाणी आणि काठावर गाड्यांना बंदी.

आपल्याकडे काय?

फुलांची प्रदर्शनं आपल्याकडेही होतात. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं, मुंबईत राणीच्या बागेतलं. गर्दीही तुफान होते, म्हणजे हौस आपल्याला कमी नाही. प्रश्न नंतरच्या दिवसांचा आहे. सजावट उचलली जाते आणि आपण पुन्हा मॉलच्या एसीत. घराजवळच्या बागेला भरदुपारी कुलूप, आत ‘गवतावर बसू नये’ची पाटी आणि मोकळा प्लॉट दिसला रे दिसला की टॉवरचं होर्डिंग! नऊ तास क्युबिकलमध्ये घालवल्यावर कॉफीचं बिल न देता बसता येईल, अशी जागा आपल्या शहरात किती आहे, याचा हिशेब एकदा करून बघा. चंदीगडमध्ये ती जागा बिल्डिंगा उठल्यावर उरलेल्या तुकड्यात केलेली नाही. ती आधीपासून राखलेली आहे, आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ दर ऑक्टोबरला कुणीतरी तिथल्या गुलाबांची छाटणी करतंय.

जायचंय?

कधी : फेस्टिव्हल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. तारखा दरवर्षी बदलतात, तपासूनच तिकीट काढा. गर्दी नको असेल तर पुढच्या आठवड्यात जा, फुलं तेवढीच असतात.

कसं : मुंबई-पुण्याहून विमानाने. नाहीतर दिल्ली गाठून सकाळची कालका शताब्दी पकडा, साधारण साडेतीन तासांत चंदीगड.

काय न्यायचं : जॅकेट (सकाळी थंडी असते), चालायचे शूज आणि गवतावर अंथरायला चादर. हो, बसायला कुणी मनाई करत नाही!

पोटपूजा : शेजारीच सेक्टर १७ चं मार्केट आहे. छोले-भटुरे हाणा, वर लस्सी. डाएट सोमवारपासून.