आतला रंग

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांकडून आपापल्या व्यवसायाविषयी लेख मागविले, तेव्हा आम्हां दोघांना थोडा संकोच वाटला. आमच्या तुकडीतले सोबती वकील, प्राध्यापक, परिचारिका, अभियंते झाले. त्यांच्या कामास समाजात नाव आहे. आम्ही वसतिगृहातून बाहेर पडलो ते आयटीआयच्या वर्गात, आणि तेथून मोटारींना रंग देणाऱ्या एका गॅरेजात. आज आमचे स्वतःचे लहानसे गॅरेज आहे आणि जुन्या मोटारी पूर्ववत करण्याचे काम आम्ही तेथे करतो. त्या कामातला एकच भाग, म्हणजे मोटारीच्या आतल्या पत्र्याचा मूळ रंग शोधून तो जुळविणे, येथे सांगावयाचा आहे. विषय लहान आहे. परंतु एका कुटुंबातील तीन माणसांनी त्यावरून कित्येक महिने आपसांत वाद घातला, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

मोटार होती १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या मर्यादेच्या नियमाने तशी शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता अशा गाड्या कोणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली उरल्या आहेत. बाहेरचा रंग प्रत्येक मालकाने आपल्या हौसेने बदललेला असतो. आतला पत्रा, म्हणजे डॅशबोर्ड, खिडक्यांच्या चौकटी, स्टिअरिंगचा दांडा, याकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही. म्हणून गाडीचे खरे वय तेथे सापडते.

ही फियाट एका सरकारी कारकुनाने १९७८ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली होती. त्यांच्या वस्तीतली ती पहिली मोटार. लग्नाची वरात, अडलेली बाळंतीण, परीक्षेला निघालेली चार मुले, सर्वांसाठी ती निघे आणि पेट्रोलचे पैसे कोणी देई, कोणी देत नसे. ते गृहस्थ १९९६ मध्ये वारले. गाडी विकावयाची म्हणून दोन वर्षांनी कोणा रंगाऱ्याकडून ती आतून सगळी करड्या रंगाने मारून घेतली. पण विकण्यास मन धजले नाही. अलीकडे त्यांचा मुलगा ती आमच्याकडे घेऊन आला. त्याचे म्हणणे एवढेच की वडिलांच्या वेळी होती तशी करून द्या.

तशी म्हणजे कशी, हे विचारताच तिघांची तीन उत्तरे आली. मुलगा म्हणाला, आतला रंग आकाशी होता. मुलगी म्हणाली, पिस्त्यासारखा हिरवा. त्यांची आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती म्हणाली, "राखेत नीळ सांडल्यासारखा होता तो. मीच पुसायची, मला ठाऊक आहे."

अशा वेळी माणसांकडून पत्र्याकडे वळावे, ही आमच्या धंद्याची रीत आहे. जेथे ऊन, हात आणि ब्रश पोहोचला नसेल अशा जागा प्रथम शोधाव्या लागतात. दाराच्या रबरी बीडिंगखाली, मीटरच्या मागे, सीटच्या पट्टीखाली, दाराच्या आतील पुठ्ठ्यामागे अशा जागा असतात. तेथे साबणाच्या पाण्याने मळ काढावा आणि बारीक पॉलिशने वरचा मेलेला थर उतरवावा. जेथे रंगावर रंग चढलेला असेल तेथे ओल्या पॉलिश पेपरने नाण्याएवढा उथळ खळगा घासावा. झाडाच्या खोडातील कड्यांप्रमाणे त्यात एकामागून एक थर उघडे पडतात. पेपर ओला ठेवण्याचे कारण आमच्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुलांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. जुन्या पिवळ्या-हिरव्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची कोरडी धूळ श्वासावाटे रक्तात जाते. तोंडावर चांगला मास्क हवा आणि जेवणापूर्वी हात धुतलेले हवेत. घरगुती रंगांतील शिशाला आपल्या देशात ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली. त्यापूर्वीचे रंग आपल्या जुन्या दारे-खिडक्यांवरही असतील, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

करडा थर कशाचा आहे हे पाहण्यासाठी कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून अलगद फिरविला. करडा रंग बोळ्यावर उतरला. त्याअर्थी तो नायट्रोसेल्युलोजचा, ज्याला गॅरेजात ड्युको म्हणतात तो. त्याखालचा रंग हलला नाही. तो कारखान्याच्या भट्टीत भाजलेला इनॅमल होता. मीटरच्या मागे तो हिरवट-पिवळसर दिसला. मुलीला आनंद झाला. परंतु आम्ही तिला थांबावयास सांगितले. तेलाच्या जातीचे इनॅमल अंधारात पिवळे पडते आणि पुन्हा उजेडात ठेवले की ती पिवळी झाक बरीचशी निघून जाते. झाकलेली जागा उन्हापासून वाचलेली असली, तरी अंधाराने तिच्यावर आपले काम केलेलेच असते. मीटरची आतली पट्टी काढून आम्ही ती आठवडाभर उजेडात ठेवली. पिवळेपणा ओसरला आणि राखाडी झाक असलेला निळसर हिरवा रंग उरला. म्हातारीचे म्हणणे पत्र्याने मान्य केले होते.

मग मुलगा खोटे बोलत होता काय? मागच्या दाराच्या चौकटीवरील करडा थर काढला तेव्हा त्याचेही उत्तर मिळाले. ती बाजू वर्षानुवर्षे उन्हाकडे तोंड करून उभी असे. मिश्रणातला पिवळा अंश तेथे उडून गेला होता आणि निळा तेवढा मागे राहिला होता. लहानपणी मागच्या सीटवर बसून तो ज्या चौकटीला डोके टेकवी, ती खरोखरच आकाशी झालेली होती.

आता रंग तयार करावयाचा. वर्णमापक यंत्राने पट्टीवरील परावर्तित प्रकाश मोजून आम्ही पहिले मिश्रण काढले. दिवसाच्या प्रकाशात ते पट्टीशी तंतोतंत जुळले. पिवळ्या बल्बखाली मात्र नमुना तांबूस दिसू लागला. १९६६ मधील रंगद्रव्ये आणि आजची रंगद्रव्ये एक नाहीत, आणि भिन्न द्रव्यांतून आलेले दोन सारखे रंग दिवा बदलला की वेगळे होतात. म्हणून निळा बदलून पुन्हा जुळवणी केली. पांढऱ्यात काळा घातला की करडा निळसर होतो, हे गृहीत धरून निळ्याचे प्रमाण कमी ठेवले. गडद रंग फिक्यात थेंबाथेंबाने घालावयाचा असतो. उलट केल्यास सुधारण्यासाठी डबेच्या डबे पांढरा ओतावा लागतो. प्रत्येक थेंब काट्यावर तोलून वहीत लिहिला. बोटाने लावलेल्या ठिपक्यावर कधी विसंबत नाही. त्याच गनने, त्याच दाबाने, त्याच प्रायमरवर पत्र्याचा तुकडा मारावयाचा आणि तो वाळल्यानंतरच पाहावयाचा. चमकही जुळवावी लागते. कारण मंद पृष्ठावर तोच रंग फिका आणि झगझगीत पृष्ठावर गडद भासतो. पाहण्याची वेळ सकाळची, जागा सावलीची, मागे करडे कापड. क्षणभर पाहावे आणि नजर काढून घ्यावी. टक लावल्यास डोळा थकतो आणि सर्वच रंग पटू लागतात. अकराव्या तुकड्यास आम्ही दोघांनी एकाच वेळी मान हलविली.

तो तुकडा घेऊन आम्ही आजींकडे गेलो. त्यांनी तो हाती घेऊन डावा डोळा मिटला, मग उजवा मिटला. उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, डाव्याची व्हावयाची होती. त्या म्हणाल्या, "या डोळ्याने बघितलं तर हाच. त्या डोळ्याने बघितलं तर नाही, मळका दिसतोय. आता तुम्हीच सांगा पोरांनो, ह्यांच्या वेळचा कोणता?" मोतीबिंदू झालेले भिंग पिवळे होते व निळा रंग अडविते, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे मधली इतकी वर्षं मी ही गाडी मळकीच बघत होते."

खरी अडचण त्यानंतर आली. डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावरील करडा थर काढताना बोळ्याला वेगळा हिरवा लागला. आम्ही थिनर तेथेच थांबविले. कारण घरगुती ऑइल पेंट थिनरने फुगून सुरकुततो. उरलेले काम पाण्याने, पेपरने आणि बोटांनी केले. झाकणाच्या कडेला तळहाताएवढा पिस्ता रंगाचा ठिगळ निघाला. ब्रशचे केस जसे फिरले तसे त्यावर उमटले होते आणि एक केस रंगात अडकून राहिला होता. मुलीला बोलाविले. तिने त्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. पत्रा गंजला म्हणून तिच्या वडिलांनी घराची खिडकी रंगवून उरलेला रंग तेथे लावला होता. आईच्या मांडीवर पुढे बसणाऱ्या त्या मुलीच्या डोळ्यांसमोर सदैव तेच झाकण असे.

मुलगा म्हणाला, ठिगळ काढा. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात गाडी न्यावयाची आहे, तेथे परीक्षक कारखान्याचा रंग पाहतात. मुलगी म्हणाली, ठिगळ राहिला पाहिजे, नाहीतर माझ्या लेखी ही गाडी कोणा परक्याची. आमचाही स्वार्थ त्यात होता, तो लपविण्यात अर्थ नाही. इतक्या कष्टाने जुळविलेल्या रंगाच्या मधोमध एक बेढब हिरवा डाग राहिला तर पाहणारा तो आमचाच समजणार होता. आमचे नाव अशाच कामावर उभे आहे. आम्ही मुलाच्या बाजूने बोललो.

निर्णय आजींनी दिला. "बाकी सगळं कंपनीचं होऊ द्या. एवढं झाकण त्यांचं राहू द्या. कंपनीने गाडी बनवली, पण गंज लागल्यावर कंपनी आली नव्हती."

झाकण तसेच राहिले. त्यावर आम्ही फक्त मेण चढविले. भोवतीच्या पत्र्यावर अकराव्या तुकड्याचा रंग मारला. मेळाव्यात एका जाणकाराने खिडकीतून वाकून पाहिले आणि झाकणाचा रंग चुकला आहे, असे आमच्या देखत मुलास सांगितले. मुलगा प्रथम गोंधळला. मग त्याने झाकण उघडून आतली चिठ्ठी त्या गृहस्थांना वाचावयास दिली. ती चिठ्ठी आम्ही प्रत्येक गाडीत ठेवतो. मिश्रणाची वजने, प्रायमर, चमक, तारीख आणि जे मुद्दाम सोडले ते तीत लिहिलेले असते. या गाडीच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ मुलीने आपल्या हाताने लिहिली आहे: "झाकणाचा रंग आमच्या वडिलांचा."

शाळेतील जी मुले-मुली या वर्षी दहावी होत आहेत, त्यांपैकी कोणास हाताचे काम शिकावेसे वाटत असेल तर पालकांनी त्यास कमी लेखू नये. आमच्याकडे तिघांना जागा आहे. येताना गणिताची वही आणावी. ग्रॅमचा दहावा भाग रोज लागतो.