वार पडली का?

माझी आजी सुईण होती. केडगाव तेव्हा नगरच्या दक्षिणेला, पुणे रस्त्याला लागून असलेलं खेडं. चहूबाजूंनी ज्वारीची रानं, मधून गेलेली रेल्वेची लाईन आणि रेणुकामातेचं देऊळ. नवरात्रात देवीला माणसांची रीघ लागायची. एरवी दिवेलागणीनंतर गाव निपचित पडायचं. आजीला मात्र रात्र अशी नव्हतीच. कुणीतरी कंदील घेऊन दारात उभं राहायचं आणि ती डोक्यावरचा पदर सारखा करत निघायची.

चैत्र लागला की आसपासच्या गावांच्या जत्रा सुरू होत. वडील आणि त्यांचे सोबती घोंगडी खांद्यावर टाकून तमाशाला जात आणि उजाडता उजाडता परत येत. अशाच एका सकाळी, चहाची बशी हातात धरून त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी दहा-बारा वर्षांची असेन. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना फडावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचून तोडली, लुगडं आवळलं आणि परत बोर्डावर आल्या. लोकांनी पाहिलं तर पोट दिसेना. कुणीतरी विचारलं, खरं कळलं, आणि सगळा जमाव हात जोडून म्हणाला, बाई, आता पुरे, तुम्ही आराम करा. हे सांगताना वडिलांचे डोळे भरून आले होते.

आजी सुपात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आन् वार? वार पडली हुती का?"

वडील गप्प झाले. "त्ये कुणी सांगत न्हाई," म्हणाले.

"मंग आर्धीच गोष्ट सांगितली तुला."

पुढं मी नर्सिंग केलं आणि नगरमधल्या एका दवाखान्यात तीस वर्षांहून जास्त काळ बाळंतपणाच्या खोलीत उभी राहिले. आजीच्या प्रश्नाचा अर्थ तिथं कळला. मूल बाहेर आलं की घरच्यांच्या लेखी बाळंतपण संपतं. आमच्या लेखी तेव्हा सगळ्यात सावध राहायची वेळ सुरू होते. वार सुटून यायला अर्धा तासही लागतो. ती अर्धवट राहिली, गर्भाशय नीट आकसलं नाही, तर अंगावरून इतकं जातं की बाई बघता बघता पांढरी पडते. दगडानं नाळ तोडायची म्हणजे धनुर्वाताची भीती, बाळाला आणि आईलाही. मी पहिल्यांदा वार हातात घेतली, ताटलीत पसरून ती पूर्ण आहे ना हे तपासलं, तेव्हा माझ्या मनात आजी नव्हती, विठाबाई होत्या. त्या रात्री कनातीमागं हे कुणी पाहिलं असेल?

त्यांचा आवाज माझ्या आयुष्यात त्याही आधी आला होता. बायकांनी तमाशाला जायची रीत नव्हती. पण माळवदावर झोपलं की वारा असेल त्या रात्री दूरच्या गावचा कर्णा ऐकू यायचा. आधी ढोलकी, मग झिलकऱ्यांचा कल्लोळ, आणि त्या सगळ्यावरून एका बाईचा आवाज. शब्द कळत नसत, नुसता सूर यायचा. कुठल्या फडातली कोण गात असेल! माझ्यापुरतं त्या आवाजाचं नाव विठाबाईच होतं, कारण तमाशातलं तेवढंच एक नाव आमच्या घरात आदरानं घेतलं जायचं.

नंतर मिळेल ते वाचत गेले. 1935 साली पंढरपुरात जन्म, म्हणून विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावानं गाजवला. जात लपवायची सोय नव्हती, ती फडाच्या पाटीवरच होती. शाळेत मन रमलं नाही. गण, गवळण, लावणी, भेदिक हे सगळं घरातच कानावर पडत होतं, तीच शाळा झाली. 1957 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. 1990 मध्ये पुन्हा एकदा.

ढोलकीच्या फडातलं गाणं ऐकताना मला नेहमी एक जाणवतं. रात्रीची सुरुवात गणपतीला आळवून होते, मग गवळणीत कृष्ण येतो, आणि तोच गळा पुढं शृंगाराची लावणी म्हणतो. देवासाठी लावलेला सूर प्रियकराकडे वळतो, पण त्यातली आर्तता तीच राहते. माझ्या मुलानं एकदा मोबाईलवर अरेथा फ्रँकलिन ऐकवली. इंग्रजी गाणं मला समजत नाही. पण तो म्हणाला, ही डेट्रॉइटच्या एका चर्चमध्ये वडिलांच्या प्रवचनाआधी गात मोठी झाली, देवाची गाणी म्हणायच्या ढंगातच पुढं प्रेमाची गाणी म्हणाली, आणि याच गाण्याला तिकडं सोल म्हणतात, सोल म्हणजे आत्मा. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे, आमच्या माळवदावर यायचं. मग त्यानं तिच्याही आधीची बिली हॉलिडे सांगितली. 1959 च्या जुलैत न्यूयॉर्कच्या इस्पितळात ती गेली, त्याच्या काही तास आधीपर्यंत खोलीवर पोलिसांचा पहारा होता आणि बँकेतल्या खात्यात अवघे सत्तर सेंट. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला आमचं 2002 आठवत होतं.

15 जानेवारी 2002. विठाबाई गेल्या. वय सहासष्ट. सकाळच्या पाळीला निघताना बातमी वाचली, आणि मागाहून कळलं की दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या देणग्यांतून भागवलं गेलं. दोनदा राष्ट्रपतींसमोर उभी राहिलेली बाई.

हे कसं होतं, ते फडातल्या माणसांकडून मी पुढं समजून घेतलं. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो उसन्या पैशांवर. मालकाला सावकाराकडून रक्कम उचलावी लागते, कारण कलावंतांना हंगामाआधीच उचल द्यायची असते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं. नाचणाऱ्या, ढोलकीवाले, सोंगाड्या, आचारी, तंबू ठोकणारे, ट्रकचे चालक. पाऊस आला, जत्रेत मारामारी झाली, खेळ बुडाला, तरी शंभर ताटं मांडावीच लागतात आणि व्याज चालूच राहतं. नारायणगावला चैत्रात राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथं येऊन सुपाऱ्या ठरवतात. नगरहून कल्याण रस्त्यानं आळेफाट्यापर्यंत गेलं की तिथून जवळच. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा राहुटीतल्या वहीवर नजर गेली. त्यात कर्ज जितकं होतं तितकं गाणं नव्हतं.

2006 पासून राज्य सरकार विठाबाईंच्या नावानं तमाशा कलावंतांना पुरस्कार देतं. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांना तो मिळाला, आमच्या जिल्ह्यातल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकरांना मिळाला. 2021 च्या मे महिन्यात कोरोनाच्या लाटेत कांताबाईही गेल्या. पुरस्कार असावा, त्यानं पोरीबाळींना मान वाटतो. पण विठाबाईंवर कुठं भाषण झालं की वक्ता हमखास त्या रात्रीवर येतो, नाळ तुटली की टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. मला त्या टाळ्या सहन होत नाहीत. धैर्य होतंच, कुणी नाकारत नाही. पण एका ओल्या बाळंतिणीला परत बोर्डावर जावंसं वाटलं की जावं लागलं, हे विचारायच्या आतच आपण हात जोडून मोकळे होतो. त्या रात्रीच्या लोकांनी निदान तिला थांब तरी म्हटलं. आणि तिचं गाणं? ते तर आपण त्या दगडाखालीच पुरलं. विठाबाई म्हटलं की चार माणसांना नाळ आठवते, त्यांची गवळण कशी असायची हे सांगणारा एखादाच भेटतो.

मी हे बोलते त्याला कारण आहे.

नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. चैत्रातली रात्र. एका तमाशा फडाची गाडी दवाखान्याच्या दारात थांबली आणि विशी-बाविशीची एक मुलगी उतरली. पायांवर घुंगरांचे वळ, केसांत कोमेजलेला गजरा, चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळलेली. पहाटे तीनच्या सुमारास मुलगी झाली. वार वीस मिनिटांत पडली, अख्खी. मी ती दोनदा तपासली. खरं तर एकदा पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुट्टी मागायला लागली. रात्री पारनेरकडच्या एका गावात सुपारी होती. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. मीही समजावलं, रागावले, रक्तस्रावाची भीती घातली. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सिस्टर, नाचायचं न्हाई मला. नुसतं मागं बसून गायाचंय. आईनं उचल घेतली हाय." तिची आई दाराशी उभी होती, नात कुशीत घेऊन. तिच्या डोळ्यांत बघवलं नाही.

कागदावर अंगठे झाले. स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत, असं त्यात लिहिलेलं असतं.

निघताना ती माझ्याजवळ आली. "पोट तेवढं घट्ट बांधून द्या," म्हणाली.

आजीनं शिकवलं होतं तसं मी जुन्या सुती लुगड्याची पट्टी घेतली आणि ओटीपोटापासून वर वर बांधत आले. मध्येच तिनं माझा हात धरला. "थांबा जरा." डोळे मिटले आणि अगदी हळू, शेजारच्या खाटेवरचं बाळ उठू नये इतक्या हळू, एक सूर लावून पाहिला. माझा तळवा तिच्या पोटावरच होता. सूर तिथूनच निघाला. नुकत्याच रिकाम्या झालेल्या त्या मऊ जागेतून तो थरथरत वर गेला, आणि दुखलं तसा मध्येच तुटला.

"आनखी थोडं आवळा," ती म्हणाली.

मी आवळलं. बाहेर फडाच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.